ट्रेसरकाकांचे मंगळवार

ट्रेसरकाकांना घाई करायला लावील असा माणूस मी सेलूत पाहिला नाही. त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनीही तो नाद सोडून दिला होता. बसस्टँडवर वर्ध्याची गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, आणि काका टपरीवर बशीतल्या चहावर फुंकर घालत उभे. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, की म्हणायचे, "जाऊ दे. थे दुसऱ्यायची होती." मग तासाभरानं पुढच्या गाडीत खिडकीशी बसून, घडी न मोडलेल्या शर्टात वर्ध्याला उतरायचे. या माणसानं मला गिटार शिकवली. खरं सांगायचं तर शिकवली त्यापेक्षा सोडू दिली नाही, हे जास्त बरोबर होईल.

पाटबंधारे खात्यात ते ट्रेसर होते. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर निळसर चकचकीत ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं काम. पाट, त्यांना फुटणाऱ्या चाऱ्या, पूल, शेतांच्या हद्दी. शाईचा एक थेंब सांडला की ब्लेडनं हळूहळू खरवडत बसायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. माझ्यासमोर एकदा त्यांनी पट्टी न लावता हातभर लांब रेघ काढली होती. मी पट्टी लावून पाहिली, कुठे केसभर फरक नव्हता. मी तोंडात बोट घातलं तर म्हणाले, "रेघ ओढाची नसते, बी.कॉम. जाऊ द्याची असते." ऑफिसातून टाकून दिलेलं ट्रेसिंगचं कापड काकू घरी धुवून त्याची खळ काढायच्या. आतून मलमलीसारखं मऊ कापड निघायचं, त्याचे त्या रुमाल शिवायच्या. काकांनी घाम पुसायला रुमाल काढला की त्यावर एखादी पुसट चारी वाहताना दिसायची.

बी.कॉम. म्हणजे मी. आमचं गाव हिंगणीच्या पलीकडचं. घरात चार पिढ्या शेती. मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि वर्ध्याला खोली करून, हातानं स्वयंपाक करून पदवी घेतलेला तर गावातलाच पहिला. हे मी आजही छाती फुगवूनच सांगतो, कारण ते मला कुणी दिलेलं नव्हतं. एकाही परीक्षेत मी नापास झालो नाही. माझी रीत सोपी होती. पुस्तक आणायचं, पाठ करायचं, उतरवून यायचं. सत्याहत्तर साली सेलूच्या एका सरकारी शाळेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा माझी खात्री होती की जगातली कुठलीही गोष्ट चार महिने नेटानं पाठ केली की येते.

एका संध्याकाळी पाटबंधाऱ्याच्या क्वार्टरवरून जाताना आतून एक आवाज आला. कुणी तोंड मिटून गात असावं तसा. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नव्हता, सरकत जात होता. बेशरमाच्या झुडपांच्या कुंपणापाशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आतूनच हाक आली.

"उभा काऊन आहेस? आत येऊन ऐक ना. तिथं डास चावतीन."

आत गेलो. खुर्चीवर एक सडपातळ गृहस्थ, मांडीवर गिटार आडवी ठेवलेली. डाव्या हातात लोखंडाचा गुळगुळीत रॉड, तो तारांवरून फिरवायचा, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. हवाईयन गिटार म्हणतात तिला, हे मला त्या दिवशी कळलं. तरुणपणी नागपूरला असताना एका बंगाली रेल्वेबाबूंकडून ते ती शिकले होते. मी माझं नाव, गाव, पदवी सगळं सांगितलं. पदवी थोडी मोठ्यानं. मग विचारलं, "काका, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"कुठं जायाचं आहे का?"

"नाही."

"मंग?"

काकू दाराआडून हसल्या. "अवं, पोट्ट्याले भेव काऊन दाखवता?" म्हणत त्यांनी माझ्यापुढं साबुदाण्याच्या उसळीची बशी ठेवली. त्यांचा मंगळवारचा उपास होता. तेव्हापासून मंगळवार माझा झाला. काकांनी आपली जुनी गिटार मला वापरायला दिली, मोबदला काही घेतला नाही, आणि अट एकच घातली. रोज अर्धा तास. "पाऊण नाई, अर्धा. उद्या बसावंसं वाटलं पाह्यजे."

पहिले तीन महिने त्यांनी मला एकाच तारेवर ठेवलं. रॉड ठेवायचा, छेडायची, सरकवायचा, उचलायचा. माझा रॉड तारेवर खरखरायचा आणि सूर कधी ठरलेल्या जागी पोचतच नसे. या गिटारीचं हेच वैर आहे. दुसऱ्या वाद्यात चुकलं तर चुकीचा का होईना, एक सूर निघतो. हिच्यात दोन सुरांच्या मधल्या फटीत पडलात की मांजर ओरडतं.

ते मांजर सगळ्यात आधी ऐकलं आमच्या घरमालकिणीनं. सगळे तिला मावशी म्हणत. एकटी बाई, एक म्हैस, आणि जीभ अशी की गल्लीतली कुत्री रस्ता बदलत. शाळेतून आलो, हातपाय धुतले, गिटार घेतली की भिंतीपलीकडच्या गोठ्यातून सुरू.

"काय जी बाबू, कोनाचं मांजर कोंडून ठेवलं?"

"रियाज करून राह्यलो मावशी."

"तुमचा रियाज होते, माही म्हैस पान्हवत नाई. दूध काढाले बसलं का लाथ मारून राह्यली थे."

मी हे काकांना तक्रार म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत, विचारात पडले. आणि पुढच्या मंगळवारी मी दारात पाय ठेवताच पहिला प्रश्न, "मावशीची म्हैस काय म्हणते?" त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. दर मंगळवारी. मला तो टोमणा वाटायचा. "आहे तशीच," असं तुटक उत्तर देऊन मी खाली बसायचो.

मग मी माझी जुनी रीत वापरली. चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर रेघ मारून सा रे ग म लिहिलं आणि डिंकानं गिटारीच्या पट्ट्यांजवळ चिकटवल्या. काकांनी दिलेल्या गाण्याची पहिली ओळ अक्षरांत लिहून पाठ केली. पंधरा दिवसांत घडाघडा म्हणून दाखवता येऊ लागली. त्या मंगळवारी मी मोठ्या रुबाबात बसलो. डोळे चिठ्ठ्यांवर, रॉड बरोबर चिठ्ठीच्या रेघेवर. वाजवून वर पाहिलं तर काकांनी कानाची पाळी धरली होती.

"रॉड कुठं ठेवला?"

"बरोबर रेघेवर, काका. पाहा ना."

"तू वरून तिरपा पाहून राह्यला. तुले रेघेवर दिसते, तारेले थे जरा अलीकडं आहे." त्यांनी हातानं माझं तोंड खिडकीकडे वळवलं. "रेघेवर रेघ ठेवणं माह्यं ऑफिसचं काम आहे. त्याचा पगार भेटते मले. इथं रेघ नाई पाहाची. रस्ता पाहा, ढोरं पाहा, पण इथं खाली नको पाहू."

चिठ्ठ्या त्यांनी ओल्या रुमालानं पुसून काढल्या. पाठ केलेलं सगळं त्या दिवशी वाहून गेलं. खिडकीबाहेर पाहत वाजवायला लागलो तेव्हा मला साधा सा सापडेना. सोळा परीक्षा पास झालेला मी तिथं पहिलीत बसलो.

असं वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. हिशेब मांडला तर हाती एका गाण्याच्या दोन ओळी. त्यातही दुसऱ्या ओळीत एक लांब सरक होती, खालच्या सुरावरून वरच्या सुरावर जायची. तिथं माझा रॉड दर वेळी एक तर आधीच थांबायचा, नाहीतर पुढं निघून जायचा. शाळेतले मास्तर विचारायचे, "काय बाबू, झाली का गिटार?" जशी काही ती बांधायला टाकलेली विहीर होती. आमचे बाबा एकदा खोलीवर आले, गिटार उचलून पाहिली, पोकळ आहे हे टकटक करून तपासलं आणि म्हणाले, "हे नोकरीत लागते का?" मी नाही म्हटलं. त्यांनी गिटार होती तिथं ठेवून दिली.

त्याच सुमारास पोस्टमास्तरांची सुमन शिकायला येऊ लागली. नववीतली मुलगी. तिच्या कानात काय होतं देव जाणे, पण माझ्या दीड वर्षाचं तिनं तीन महिन्यांत केलं. पूर्ण गाणं, मधल्या तुकड्यांसकट. एका मंगळवारी मी आपली दुसरी ओळ घासत होतो. ती दारात चप्पल काढता काढता अगदी सरळ मनानं म्हणाली, "दादा, तुमी अजून हेच वाजवून राह्यले?"

खवचटपणा असता तर मी उलटं बोललो असतो. पण तिला खरोखरच नवल वाटलं होतं. मी त्या दिवशी खोलीवर आलो आणि गिटारीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एक गोष्ट येत नव्हती आणि ती लपवायला पुस्तक नव्हतं. रात्रंदिवस एकच विचार. शेतकऱ्याच्या पोरानं बी.कॉम. व्हावं हे ठीक, ही असली थेरं आपली नव्हेतच. लाज वाटण्याआधी सोडलेली बरी. पुढच्या मंगळवारी गिटार चादरीत गुंडाळली आणि परत करायला निघालो.

काकांनी चादर पाहिली, मला पाहिलं. मी घोकलेलं भाषण म्हणून टाकलं. माझ्यात तो गुण नाही, सुमन पाहा कुठं गेली, तुमचा वेळ खातो, वगैरे.

"सुमनचं सुमनपाशी," काका म्हणाले. "ठेव तिथं कोपऱ्यात."

मला वाटलं, समजूत घालतील, रागावतील. काही नाही. मीच हिरमुसलो. जायला उठलो तेव्हा म्हणाले, "एक काम कर. मावशीले विचारून ये, म्हशीचं दूध कवा काढते आता."

मला संताप आला. मी इथं माझं सगळं संपवून निघालो आणि या माणसाला म्हशीची पडली आहे! पण मोठ्यांचं काम टाळायची सवय नव्हती. घरी आलो. मावशी अंगणात गोवऱ्या रचत होती.

"मावशी, म्हशीचं दूध कधी काढता तुम्ही आता?"

"काऊन, दूध पाह्यजे?"

"नाही, असंच."

"अवो, पह्यले तुमी शाळेतून याच्या आंधीच काढून घेतलं मी सालभर. तुमचं थे सुरू झालं का लाथा मारे ना! मंग दिवाळीपासून पाह्यलं तं थे उभी राहून राह्यली चुपचाप. तवापासून तुमी वाजवता तवाच बसतो बादली घेऊन." गोवरी हातात तशीच धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. "अन् हे काय जी, आठ दिवस झाले, बंद काऊन आहे? थे मानच वळवून राह्यली तुमच्या भिंतीकडं. बिमार होते का?"

मी दिवाळीपासूनचे महिने मोजले. चार. चार महिन्यांपासून भिंतीपलीकडे एक जनावर माझ्या आवाजात शांत उभं राहत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या चार महिन्यांत मी रोज स्वतःला सांगत होतो की काही बदललेलं नाही.

मी तसाच परत गेलो. काका पायरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जो रोज वाजवते त्याले आपलं कालचं अन् आजचं सारखंच ऐकू येते. मले तरी कुठं येत होतं. आमचे बंगालीबाबू त्यायच्या शेजारणीले विचारत, तुमचं पोरगं झोपते का आता. चाल, तोंड धू अन् बस."

चादर त्यांनी सोडलीही होती. माझी गिटार तारा लावून तयार होती.

ती दुसरी ओळ मला आणखी सात महिन्यांनी आली. एका साध्या बुधवारी, शाळेतून आल्यावर, खिडकीबाहेर बघत असताना रॉड वर गेला आणि जिथं थांबायचं तिथं थांबला. मी पुन्हा केलं. पुन्हा थांबला. मंगळवारपर्यंत दम निघेना म्हणून तसाच क्वार्टरवर गेलो. काका जेवायला बसले होते. ताटावरूनच त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि काकूंना म्हणाले, "याले भाकर वाढ वो."

एवढंच. पण त्या भाकरीसारखं सर्टिफिकेट मला विद्यापीठानंही दिलं नाही.

मी मोठा वादक झालो नाही. सहा-सात गाणी येतात, घरच्यांना चालतात. सुमन पुढं फार सुंदर वाजवायला लागली, लग्नानंतरही तिनं सोडलं नाही, ते तिचं. माझ्या पदरात पडलं ते वेगळंच. खात्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो, मी, जो कधी नापास झालो नव्हतो. आधीचा मी असतो तर पहिल्याच निकालाला पेपर तपासणाऱ्याला शिव्या देऊन गप्प बसलो असतो. तिसऱ्यांदा बसलो आणि पास झालो. बढतीवर वर्ध्याला बदली झाली. आमच्या पोरीला सातवीपर्यंत भागाकार येत नव्हता, तिच्याजवळ रोज अर्धा तास बसायचा धीर माझ्यात होता. हे सगळं गिटारीनं झालं असं मी म्हणत नाही. काकांच्या अर्ध्या तासानं झालं, असं म्हणतो.

काका चौऱ्याऐंशीत रिटायर झाले आणि सेलूतच एक छोटंसं घर बांधून राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. पाय काठीवर आला, बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं, पण डाव्या हातात रॉड धरवेना. मी मंगळवारी वर्ध्याहून गाडीनं यायचो. गिटार भिंतीशी उभी असायची. तिच्याकडे पाहायचं धाडस आधी मलाच होत नव्हतं.

एका मंगळवारी त्यांनीच विषय काढला. "बी.कॉम., तारा उलट्या चढवून दे."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. गिटार फिरवून ठेवायची, मान उजवीकडे. रॉड उजव्या हातात, आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात नखी. तेवढा अंगठा हलत होता. मी तारा उतरवल्या आणि उलट क्रमानं पुन्हा चढवल्या. नखी सारखी घसरायची म्हणून काकूंनी ती सुतळीच्या बारीक धाग्यानं अंगठ्याला बांधली. मग ते वाजवायला बसले.

आयुष्यभर शाईची रेघ न थरथरता जाऊ देणारा तो उजवा हात तारेवर आला आणि मांजर ओरडलं. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अगं माय! कोण आलं घरात?" काका इतके हसले की काठी खाली पडली. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पाहिलं आणि दुर्लक्ष केलं.

"तू मास्तर आता," ते म्हणाले. "खोटं सांगजो नको."

मी खोटं सांगितलं नाही. रॉड खरखरतो काका. सूर अलीकडे पडला. आता पुढं गेला. खाली पाहू नका. मी त्यांना टोकत होतो आणि ते शाळकरी पोरासारखे मान हलवत पुन्हा सुरू करत होते. किती दिवस लागतील हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. पहिल्यांदा मला वाटलं, आजाऱ्याचा विरंगुळा आहे, होऊ दे. मग एकदा गाडी लवकर मिळाली म्हणून मी वेळेआधी पोचलो, तर बाहेर ऐकू आलं, ते एकटेच तीच तार, तोच सूर घासत होते, आणि मधेच स्वतःशी खुशीत म्हणत होते, "हां. हे कालच्यापेक्षा वेगळं चुकलं."

पहिली ओळ त्यांना पाच महिन्यांनी आली. त्या दिवशी काकूंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी वर्ध्याला जायला निघालो तर काका म्हणाले, "घाई नको करू, दुसऱ्या गाडीनं जा." मी दुसऱ्या गाडीनं गेलो.

पुढं थंडीत ते गेले. झोपेतच. सकाळी निरोप आला, मी पोचलो. घरात माणसं होती, काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बसवून त्या हळूच म्हणाल्या, "काल सांजच्याला बसले होते. अर्धा तास. मले म्हणे, चार सूर झाले, पाचव्याले रॉड सरकून राह्यला."

ती दुसरी ओळ होती. पाचव्या सुरावर आम्ही येत्या मंगळवारी बसणार होतो.